केळीचे पान

दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी मागे टाकून तापी ओलांडली, की यावल-रावेरच्या केळीबागा लागतात. घड उतरला, की झाडाचे काम संपले असे आपण मानतो. पाने बागेतच सुकतात किंवा गुरांपुढे पडतात. पंगतीत मान मिळवणाऱ्या या पानाने भाजलेल्या रोग्यांच्या वेदनाही हलक्या केल्या आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

त्वचा हे शरीराचे कवच होय. ती भाजली, की आतील ओलावा बाहेर पडू लागतो आणि जंतूंना वाट मिळते. म्हणून जखम झाकावी लागते. परंतु साधी कापडी पट्टी ओल्या जखमेला चिकटते आणि काढताना नुकती धरू लागलेली कोवळी त्वचाही ओढून आणते. मग जखमेपेक्षा पट्टी बदलण्याचीच रोग्याला धास्ती वाटते. न चिकटणारी आच्छादने मिळतात. पण ती गरिबाला परवडत नाहीत.

मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार केली. तिचा वृत्तांत १९८५ साली प्रसिद्ध झाला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचा उपयोग केला. हे पान रुंद, गुळगुळीत व मेणचट असते. त्यामुळे ते जखमेला चिकटत नाही. पाने स्वच्छ धुऊन, पट्टीवर बसवून, दाबाखालील वाफेने निर्जंतुक करतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ही पट्टी सालींच्या पट्टीइतकीच गुणकारी ठरली. शिवाय ती करण्यास सोपी आणि अकरापट स्वस्त होती.

तथापि बागेतील पान तोडून तसेच जखमेवर बांधणे धोक्याचे आहे, कारण त्यावर धूळ व जंतू असतात. भाजलेल्या भागावर प्रथम स्वच्छ थंड पाणी सोडावे आणि रोग्याला दवाखान्यात न्यावे. मधुमेह किंवा कुष्ठरोग यांमुळे चिघळलेल्या जुनाट जखमांना तर नुसते आच्छादन पुरत नाही; मूळ रोगावरही उपचार करावे लागतात.

खानदेशात केळीचे पान कोणाला अपूर्वाईचे नाही. त्याचा गुण पारखून, कसोटीला लावून, ते दुखणाइताच्या उपयोगी आणणे, हेच विज्ञानाचे खरे कार्य होय.

स्वाध्याय
१. रोग्याला पट्टी बदलण्याची धास्ती का वाटते?
२. बागेतील पान तसेच जखमेवर का बांधू नये?