कल्याणच्या कन्येची श्रद्धा : डॉ. आनंदीबाई जोशी

देवदर्शनास येणाऱ्या भाविकांत दोन प्रकारचे लोक आढळतात. मनोकामना पूर्ण झाली म्हणून अभिषेक अथवा अन्नदान करण्यास येणारे काही असतात. आणि मागितलेले काहीच पदरात न पडताही वर्षानुवर्षे त्याच ओढीने पायरी चढणारेही असतात. क्षेत्रमाहात्म्यातील कथा बहुधा पहिल्यांच्या असतात. ज्याच्या घरातील आजार हटत नाही, ज्याचे मूल वाचले नाही, त्याने आशा कशाच्या बळावर धरावी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. त्या प्रश्नाच्या संदर्भात याच कल्याण नगरीत जन्मलेल्या एका स्त्रीचे चरित्र मननीय आहे.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म दि. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, टपाल खात्यात नोकरीस असलेले विधुर श्री. गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पत्नीने शिकलेच पाहिजे, असा गोपाळरावांचा हट्ट होता, आणि त्या हट्टात कठोरपणाही पुष्कळ होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्या काळी घरोघरी अशी बालके जात आणि बाळंतिणीही जात. प्रारब्ध म्हणून डोळे पुसावेत, हीच रीत होती. पुरुष वैद्यासमोर आजार सांगण्यास स्त्रिया संकोचत आणि स्त्री डॉक्टर तर फारच दुर्मीळ होत्या. आनंदीबाईंनी त्या दुःखातून देवाला दोष दिला नाही व नशिबालाही नाही. आपण स्वतः वैद्यकी शिकावी, असा निश्चय मात्र केला.

निश्चय झाला तरी मार्ग नव्हता. गोपाळरावांनी १८७८ साली एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून साहाय्य मागितले, तेव्हा ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची सूचना आली. ती त्यांना मान्य नव्हती आणि विषय तेथेच संपल्यासारखा झाला. परंतु तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापला गेला होता. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक सहज त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. या बाई स्वतः ख्रिस्ती. तरीही धर्मांतराची कोणतीही अट न घालता त्यांनी आपल्या घराचे दार उघडले. साहाय्य कोणत्या दिशेने येईल, याचा अंदाज माणसास नसतो हेच खरे.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये श्रीरामपूर येथे झाली. आनंदीबाई परदेशी जाणार, ही वार्ता पसरताच टीकेचा भडिमार सुरू झाला. दि. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयात त्यांनी जाहीर भाषण केले. लोक विचारीत असलेले प्रश्न त्यांनी स्वतःच एकेक करून मांडले : अमेरिकेस का जावयाचे? एकटीनेच का? वाळीत टाकले तर? परदेशी संकट कोसळले तर काय करणार? त्या वेळी त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी त्या सभेत निक्षून सांगितले. दि. ७ एप्रिल रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्क येथे पोहोचल्या. सोबत पती नव्हते.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती मिळाली. तेथील कडाक्याच्या थंडीतही त्यांनी लुगडे आणि शाकाहार सोडला नाही. प्रकृती मुळातच नाजूक. ती तेथे अधिकच ढासळली. तरीही दि. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्राचा विषय निवडला होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

येथपर्यंतची कथा बहुतेकांना ठाऊक असते व पुष्कळ व्याख्याने येथेच थांबतात. वास्तविक कसोटी पुढेच आहे. कोल्हापूर संस्थानच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद त्यांच्यासाठी राखले होते. मात्र नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या त्या क्षयाने जर्जर होऊनच. क्षयाच्या जंतूचा शोध चार वर्षांपूर्वी लागला होता. परंतु त्यावर गुणकारी औषध सापडण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागावयाचा होता. दि. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वय पुरते बावीसही नव्हते. कोल्हापूरचे ते पद त्यांना सांभाळताच आले नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यात आल्या व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या.

हिशेबी नजरेने पाहता सर्व व्यर्थ गेले, असेच कोणीही म्हणेल. श्रद्धा म्हणजे फळाची हमी, असे समजणाऱ्यास या चरित्रात काहीच सापडणार नाही. आनंदीबाईंनी तशी हमी मागितल्याचे दिसत नाही. ज्या कामासाठी निघालो ते उचित आहे आणि ज्या धर्मात जन्मलो तो सोडावयाचा नाही, एवढेच त्यांनी धरून ठेवले. बाळ गेले तेव्हा ते सुटले नाही आणि परमुलखात खोकल्याने छाती भरली तेव्हाही सुटले नाही.

त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच, मार्च १८८७ मध्ये, मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाई नावाच्या तरुणीस आदेश दिला : बालपणी लग्न झालेल्या पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. पुढे तडजोड झाली, त्या विलायतेस गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. स्वदेशी परतून त्यांनी सूरत व राजकोट येथे सुमारे ३५ वर्षे स्त्रियांवर उपचार केले.