दुकान तुमच्याशिवाय चालेल का? कोच क्लाइव्ह चार्ल्स यांच्याकडून एक धडा

परवा क्लासमध्ये एकाने विचारलं, "सर, दोन वर्षं झाली, धंदा जेमतेम चाललाय. बंद करू का?" उत्तर देण्याआधी एका फुटबॉल कोचची गोष्ट सांगतो.

क्लाइव्ह चार्ल्स मूळचे लंडनचे. वेस्ट हॅम, कार्डिफ सिटी या क्लबांकडून खेळले आणि १९७८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड टिंबर्सकडून खेळायला आले. तिथेच स्थिरावले. १९८६ मध्ये त्यांनी पोर्टलंड विद्यापीठाच्या मुलांच्या संघाची जबाबदारी घेतली, १९८९ मध्ये मुलींच्याही. विद्यापीठ लहान. मोठमोठ्या विद्यापीठांशी टक्कर.

आता हिशोब बघा. १९९५ मध्ये मुलींचा संघ राष्ट्रीय फायनलला पोचला आणि १-० ने हरला. पहिलं विजेतेपद आलं २००२ मध्ये. म्हणजे मुलींचा संघ हाती घेतल्यावर तब्बल १३ वर्षांनी!

मग मधली वर्षं वाया गेली का? अजिबात नाही. १९९६ च्या ऑलिम्पिक फायनलमध्ये अमेरिकेच्या महिलांनी चीनला २-१ ने हरवलं. दोन्ही गोल करणाऱ्या शॅनन मॅकमिलन आणि टिफनी मिलब्रेट चार्ल्स यांच्याच हाताखाली घडलेल्या. ट्रॉफी नव्हती, पण माल तयार होत होता.

म्हणून "बंद करू का?" याचं उत्तर नुसत्या गल्ल्यात शोधू नका. तीन गोष्टी वहीत लिहा:

१. जुनं गिऱ्हाईक परत येतंय का?
२. भाडं, माल, पगार, हप्ता वजा जाता तुमच्या हातात दर महिन्याला थोडं तरी वाढतंय का?
३. हाताखालचा माणूस मागच्या वर्षीपेक्षा जास्त कामं एकट्याने करतो का?

तिन्हीचं उत्तर "नाही" असेल आणि उधारी वाढतच असेल, तर थांबणं शहाणपणाचं. त्यात लाज कसली? पण एक-दोन "हो" असतील, तर धीर धरा.

तिसऱ्या प्रश्नावर मी स्वतः नापास झालोय. चौथ्या वर्षी मला टायफॉईड झाला. खरेदीचे भाव, कोणाची किती उधारी, सगळं माझ्या डोक्यात. पोऱ्या शटर उघडायचा आणि गिऱ्हाईकाला "शेठ आल्यावर या" म्हणायचा. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. काही जण परत आलेच नाहीत. तेव्हा कळलं, माझ्याकडे दुकान नव्हतंच. मीच दुकान होतो.

चार्ल्स यांना २००० मध्ये कॅन्सरचं निदान झालं. आजारपणातही ते शिकवत राहिले, २००२ चं विजेतेपद त्यांनी पाहिलं आणि ऑगस्ट २००३ मध्ये ते गेले. मुलींचा संघ त्यांचे सहाय्यक गॅरेट स्मिथ यांनी सांभाळला. २००५ मध्ये तोच संघ पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला. मालक नव्हता, पण घडी बसलेली होती.

या आठवड्याचा गृहपाठ: खरेदीचे भाव आणि उधारी एका वहीत उतरवा. ती वही हाताखालच्या माणसाला समजावून सांगा. मग एक दिवस, फक्त एक दिवस, दुकानात जाऊ नका. संध्याकाळी काय अडलं ते विचारा. जे अडलं, तेच तुमचं पुढचं काम.

चला, कामाला लागा!