तपासणीनंतरचा डाग

प्रश्न : वय ३८. तलासरीजवळच्या पाड्यावर राहते. शिबिरात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली. कालपासून कपड्याला डाग लागतोय, वर ‘पांढरा चट्टा, डहाणूला दाखवा’ अशी चिठ्ठी दिलीय. कॅन्सर तर नाही ना?

उत्तर : ताई, आधी डागाचं. तिथली त्वचा नाजूक. जरा खरचटलं तरी एक-दोन दिवस डाग दिसतो. पाळीसारखं रक्त गेलं, ताप आला किंवा घाण वास आला, तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

आता चट्टा. तपासताना तिथे सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावतात, म्हणजे व्हिनेगरचाच प्रकार. मिनिटभरात पांढरं उमटलं की पुढे पाठवतात. साध्या सुजेनेही उमटतं! म्हणून कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून नीट पाहणं; गरज पडली तर छोटा तुकडा तपासायला. कॅन्सरपूर्व बदल निघालाच, तरी त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा वर्षं जातात. उपचार सोपा असतो. फक्त भातलावणी उरकेपर्यंत चिठ्ठी डब्यात ठेवू नका.