आधी शून्य कुठे आहे ते बघा

अमेरिकेचा १८०४ सालचा तांब्याचा सेंट कुणी स्वस्तात देऊ केला, तर आकड्यावर जाऊ नका. नाणं उलटून बघा. त्या सालाची अस्सल नाणी साच्यांच्या एकाच जोडीतून निघाली आहेत. त्यामुळे १८०४ मधलं शून्य आणि मागच्या बाजूच्या 'ऑफ' शब्दातला 'ओ' बरोबर पाठीला पाठ लावून येतात. एकावर अंगठा, दुसऱ्यावर तर्जनी ठेवली की कळतं.

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून मी हे मोठे सेंट जमवतो. एका नाणेप्रदर्शनात असाच एक १८०४ माझ्या हातात आला. आजोबांच्या संग्रहातला आहे, असं विक्रेता सांगत होता. भिंगाखाली शेवटच्या चाराभोवतीचं तांबं खरवडल्यासारखं, किंचित खोलगट दिसलं. रंगही बाकीच्या पृष्ठभागाहून फिका. शून्यामागे 'ओ' नव्हताच. दुसऱ्याच सालाच्या नाण्यावर चार कोरलेला होता. मी ते परत केलं. दुपारी पुन्हा त्या टेबलाशी गेलो, तर नाणं विकलं गेलं होतं. ते कुणाच्या गळ्यात पडलं असेल, याची मला आजही हळहळ वाटते. हे लिहितोय तेही त्यासाठीच.

दुर्मीळ सालांच्या बाबतीत हे सर्रास चालतं. १७९८ च्या शेवटच्या आठाचा नऊ करून १७९९ म्हणून विकतात. म्हणून साल वाचण्याआधी साचे ओळखायला शिकावं, आणि हा अभ्यास खरोखर आनंदाचा आहे. १७९३ या एकाच वर्षात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने तीन रूपं काढली. पहिल्या नाण्यामागे पंधरा कड्यांची साखळी होती, पंधरा राज्यांच्या एकीची खूण म्हणून. पण स्वातंत्र्याच्या देशात साखळी कशाला, अशी टीका झाली. मग पानांचं वेटोळं आलं आणि वर्ष संपण्याआधी स्वातंत्र्यदेवतेच्या खांद्यामागे काठीवरची टोपी. १७९६ पासून वस्त्र ल्यालेली देवता, १८०८ पासून कपाळावर पट्टा बांधलेली. १८५७ मध्ये मोठा सेंट बंदच झाला.

वजनही बघावं. १७९५ च्या अखेरीस तांबं महागल्यामुळे सेंट १३.४८ ग्रॅमवरून १०.८९ ग्रॅमवर आणला गेला. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच. पण फार तफावत दिसली, तर ओतीव नकलेची शंका घ्यावी.

आणि कृपा करून नाणं घासू नका. देवघरातल्या तांब्यासारखं चिंच लावून लखलखीत केलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी निम्मं मेलेलं असतं. दोनशे वर्षांचा तपकिरी रंग पुन्हा येत नाही. मऊ पीव्हीसी पाकिटांत ठेवलं, तर हिरवा चिकट थर चढतो.

माणसाच्या नावावरही विसंबू नये. नाण्यांची प्रत ठरवणारी सत्तर गुणांची पट्टी ज्यांनी दिली, त्या विल्यम शेल्डन यांनीच न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीतले चांगले सेंट काढून त्या जागी हलक्या प्रतीचे ठेवल्याचं त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं.

तेव्हा महाग सेंट घ्यायचा, तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीने तपासून डबीत बंद केलेला घ्या आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या नोंदीशी ताडून मगच पैसे मोजा. विक्रेता तेवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर नाणं तिथेच ठेवून निघा.