वाईट बातमी वर पोचली पाहिजे

भोपाळच्या आसपास ज्याने कारखान्यात नोकरी केली, त्याला त्या रात्रीचा चहा विसरता येत नाही. २ डिसेंबर १९८४, रात्रीचे साडेअकरा. युनियन कार्बाइडमधल्या कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती आहे हे कळलं, वरिष्ठांच्या कानावरही गेलं. पण तिथे बारीकसारीक गळती नेहमीचीच झाली होती, म्हणून चहा झाल्यावर बघू असं ठरलं. चहा होईतो मध्यरात्र उलटली आणि ६१० नंबरच्या टाकीतला दाब हाताबाहेर गेला. सुमारे चाळीस टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. मध्य प्रदेश सरकारने पुढे ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटनांचा आकडा त्याच्या कितीतरी पट आहे.

टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, गळालेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. हे सगळं आता पाठ्यपुस्तकांत शिकवतात. मला त्याहून जास्त छळतं ते हे, की जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणाला ना कुणाला आधी माहीत होती. कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी मे १९८२ मध्ये तपासणी करून उणिवा लिहून दिल्या होत्या. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी त्याच वर्षी सप्टेंबरपासून ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात शहराला पुन्हा पुन्हा सावध केलं आणि १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’त परत लिहिलं. लिहिणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. ऐकणारी खुर्ची रिकामी होती.

मी भोपाळजवळच्या मंडीदीपला शिफ्ट इनचार्ज म्हणून बरीच वर्षं काढली. तिथल्या एका कारखान्यात घडलेली गोष्ट सांगतो, कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. गरम तेलाच्या लाइनचा एक जोड पाझरत होता. एका कंत्राटी हेल्परने ते पाहिलं आणि फिटरला सांगितलं, “भैया, जोड़ से तेल टपक रहा है.” फिटर वर गेलाच नाही, कारण आदल्या आठवड्यात अशीच तक्रार नेणाऱ्याला साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं: लाइन बंद ठेवायला निमित्त हवंय का तुला? शिफ्ट बदलताना रजिस्टरमध्ये सगळं ठीक असल्याची नोंद झाली. पुढच्या शिफ्टला मी आलो, ती नोंद वाचली आणि काम सुरू केलं. दुपारी जोड सुटला आणि त्याच हेल्परचा हात कोपरापर्यंत भाजला. तो मुलगा बुंदेलखंडातून आलेला, नुकतं लग्न झालेलं. ज्याने धोका पहिल्यांदा पाहिला त्यालाच भाजावं लागलं, हे मी कधीच मान्य करू शकलो नाही. चौकशीत फिटरवर ठपका आला. माझ्या मते फिटर शेवटची कडी होता, ज्याने बोलणं महाग करून ठेवलं त्याच्याकडे कुणी बोटही दाखवलं नाही.

म्हणून तुमच्या हाताखाली दोन माणसं असोत की दोनशे, पहिली सवय ही लावून घ्या: वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न “कधीपासून?” हा असावा, “कोणी केलं?” हा नव्हे. पहिल्या प्रश्नाने माणूस माहिती देतो, दुसऱ्याने तो स्वतःचा बचाव करू लागतो. मग खुर्चीतून उठा आणि त्याच्याबरोबर जागेवर जाऊन बघा. साहेब उठून आले ही गोष्ट तासाभरात सगळ्या शॉपफ्लोअरवर पसरते आणि उद्या आणखी दोघे बोलायला धजतात. ‘नंतर बघू’ म्हणायची वेळ खरोखर आली, तर किती वाजता आणि कोण बघणार हे त्याच श्वासात सांगा.

भाषेचंही तसंच. कार्बाइडमध्ये सुरक्षेच्या सूचना बऱ्याचशा इंग्रजीत होत्या आणि कितीतरी कामगारांना फक्त हिंदी यायची. मंडीदीपला तर बुंदेली, माळवी, भोजपुरी सगळं एका लाइनवर भेटतं. मी सूचना दिल्यावर “समझ गए?” असं विचारणं सोडून दिलं, त्याला उत्तर नेहमी ‘हो’च येतं. त्याऐवजी समोरच्याला म्हणायचो, आता तुझ्या बोलीत मला सांग, तू काय करणार? निम्म्या वेळा काहीतरी वेगळंच कळलेलं निघायचं.

वरच्याशी बोलणाऱ्या तरुणांनाही सांगणं आहे. भीती वाटते हे बरोबर आहे. पण तक्रारीचा सूर न लावता चार गोष्टी क्रमाने सांगा: काय पाहिलं, कधीपासून, काय होऊ शकतं आणि तुम्हाला काय हवं आहे. तोंडी सांगून झाल्यावर तारीख घालून दोन ओळी लिहून द्या.

त्या रात्री असं नेमकं बोलणारा एक माणूस भोपाळ स्टेशनवर होता. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर. स्टेशनवर माणसं गुदमरत होती. फलाटावर गोरखपूरहून मुंबईकडे जाणारी एक्स्प्रेस भरून उभी होती आणि तिच्या सुटण्याची वेळ झाली नव्हती. वरून हुकूम येईतो न थांबता त्यांनी ती गाडी वेळेआधी सोडायला लावली आणि विदिशा, इटारसी या दोन्ही बाजूंना कळवलं, भोपाळकडे गाडी पाठवू नका. निरोप एवढाच, पण ज्याच्या हातात सिग्नल होता त्याच्यापर्यंत पोचलेला. शेकडो प्रवासी वाचले. स्वतः दस्तगीर त्या वायूने पुढे आयुष्यभर आजारी राहिले आणि २००३ मध्ये गेले.

त्याच रात्री कार्बाइड कारखान्याचा बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला होता. ओलं फडकं नाकातोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, आडवे निघा, एवढी साधी गोष्ट कारखान्यासमोरच्या जयप्रकाशनगरच्या वस्तीला कुणी कधी सांगितली नव्हती. लोक घाबरतील म्हणून गप्प बसणारे वरिष्ठ मी नंतरही पुष्कळ पाहिले. माझा अनुभव उलटा आहे. माणूस घाबरतो तो काय करायचं हे माहीत नसतं म्हणून.

हे कारखान्यापुरतं नाही. घरात मुलगी कमी मार्क सांगायला येते, सोसायटीचा वॉचमन गॅसचा वास येतोय म्हणतो, तिथेही पहिला प्रश्न “कधीपासून?” हाच लागू पडतो.

आणि ज्यांच्याकडे माणसं सोपवली आहेत त्यांनी या आठवड्यात एक करावं. सगळ्यांत नव्या माणसाला, मग तो हेल्पर असो वा शिकाऊ कारकून, बाजूला घेऊन विचारावं: रात्री दोन वाजता काही बिघडलं, तर तू कुणाला न विचारता काय काय बंद करू शकतोस? त्याला उत्तर येत नसेल, तर तो अधिकार त्याला तिथेच द्यावा आणि त्याच्या शिफ्टच्या साहेबासमोर द्यावा.