बियाणंच दळून बसलो

आमचं गाव निपाणीजवळचं. आबांची भजनी मंडळी दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळात बसायची. 1992च्या आषाढीला कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला आणि नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरली. आबांचा आवाज म्हणून आता तेवढीच.

वीस वर्षांनी पुण्याच्या भाच्यानं आपला जुना निन्टेंडो डीएसआय आमच्या धाकट्याला दिला. खेळ खेळायचं हे हातातलं यंत्र गाण्याची पट्टी न हलवता लय कमी करतं. पोरगं तबला शिकत होतं. म्हटलं, आबांच्या भजनाचा ठेका सावकाश ऐकून बसवेल.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. वेव्ह फाइल मिनिटाला दहा एमबी खाते. सगळी मिळून नऊशेच्या वर गेली. डिस्क भरत आली, म्हणून 64 केबीपीएसची एमपी3 केली आणि मूळ फाइल पुसून टाकली. ती मेमरी कार्डावर घेऊन कार्ड यंत्रात घातलं तर गाणं वाजेना. डीएसआयला एमपी3 चालतच नाही, एएसी लागतं. मी शहाण्यानं फाइलच्या नावाचं शेपूट तेवढं बदलून एम4ए केलं. पाटी बदलून दुकानातला माल बदलतो होय? शेवटी त्या एमपी3चीच एएसी केली.

पोरगं ऐकून म्हणालं, "आप्पा, टाळ असं का वाजायलेत? पत्र्यावर पाऊस पडल्यागत!"

कारण साधं आहे. फाइल लहान करताना कानाला सहसा जाणवणार नाही तेवढं गाळलं जातं. गाळणी फार बारीक झाली की टाळाची तीक्ष्ण किणकिण आधी जाते. मी तर दोनदा गाळलं, आणि एकदा गेलेलं परत येत नाही.

पुन्हा कॅसेट काढली. ट्रंकेतल्या ओलीनं फितीला बुरशी धरलेली. निम्मी फीत सुटली, निम्मी चिकटली ती चिकटलीच.

म्हणून सांगतो. मूळ वेव्ह फाइल दोन ठिकाणी ठेवा. जागा कमी असेल तर फ्लॅक करा, त्यात आवाजातलं काही जात नाही. यंत्र काय वाजवतं ते आधी बघा: डीएसआयला एएसी, पीएसपीला एमपी3 चालते पण 'म्युझिक' फोल्डरात, थ्रीडीएसला दोन्ही चालतात. प्रत्येक नवी फाइल मूळ फाइलवरूनच करा. नुसत्या बोलण्याला 64 पुरे. टाळ-झांजांना 192 द्या. आधी एकच गाणं करून हेडफोन लावून ऐका, मग बाकीची.

आबा पेरणीचा जोंधळा कणगीत वेगळा ठेवायचे. घरात दाणा नसला तरी आई त्याला हात लावत नसे. मी तोच दळला. सुटलेल्या निम्म्या फितीवर पोरानं ठेका बसवला. पुढच्या निम्म्यात मात्र अजून पत्र्यावर पाऊसच पडतोय.