जुने घर दुरुस्त करताना : पैसा, कंत्राटदार आणि करार

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण लहानपणापासून आपण ऐकत आलो. आम्ही अनुभवाने तिच्यात एक भर घालतो : जुने घर पाहावे दुरुस्त करून. नव्या घराला कागदावर निदान नकाशा असतो. जुन्या घराचे दुखणे कौल उतरवल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर अर्धा पैसा हातातून गेलेला असतो.

लोहगडवाडीतील आमचे वडिलोपार्जित घर असेच. दगडमातीच्या भिंती, लाकडी वासे, वर कौले. लोहगडाच्या पायथ्याचा पाऊस मावळात राहणाऱ्यांना सांगायला नको. काही वर्षांपूर्वी छप्पर बदलायचे ठरले. ओळखीच्या माणसाने एक कंत्राटदार आणला. मालासकट १,८०,००० रुपयांत तोंडी व्यवहार ठरला. "लोखंड महाग होतंय, आत्ताच घेऊन टाकू," असे म्हणून त्याने दोन खेपांत १,२०,००० रुपये नेले. मे महिन्यात कौले उतरली आणि माणूस दिसेनासा झाला. मृगाचा पाऊस आला तेव्हा आमची आई प्लास्टिकच्या कागदाखाली झोपत होती. मागील खोलीची भिंत भिजून खचली. दिवसभर बँकेच्या खिडकीआड बसून दुसऱ्यांचे पैसे मोजणारे आम्ही, स्वतःच्या पैशाची पावतीही घेतली नव्हती. तो धडा सभासदांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१) आधी कागद, मग कौल

गावठाणातील घर आपले आहे हे सारा गाव जाणतो. बँकेला मात्र कागद लागतो. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळावी म्हणून २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारची स्वामित्व योजना सुरू झाली. आपल्या घराची पत्रिका तयार झाली असल्यास ती भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवावी. वडील वारले असल्यास वारस नोंद आधी करून घ्यावी. भावाबहिणींची संमती लेखी असावी. घर तारण ठेवताना ती लागतेच, शिवाय पुढची भांडणेही टळतात.

आमच्या वाडीला आणखी एक बाब लागू आहे. लोहगड हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये तो मराठ्यांच्या इतर ११ किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. तेथील जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यापुढील २०० मीटरांतही बांधकाम व दुरुस्ती परवानगीनेच होते. लोहगड, भाजे, कार्ले, बेडसे यांच्या आसपास घर असलेल्यांनी हे अंतर आधी मोजून घ्यावे. काम अर्ध्यावर थांबले तर नुकसान मालकाचेच होते.

२) पैसा कोठून आणावा?

प्रथम स्वतःची बचत. परंतु सर्व ठेव मोडू नये. आजारपण सांगून येत नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखून. हा चौथा भाग छपरासाठीही मोडू नये, असे आमचे मत आहे.

उरलेल्या रकमेसाठी बँकेचे गृहदुरुस्ती कर्ज घ्यावे. समजा २,००,००० रुपये, व्याज दर साल १० टक्के, शिल्लक मुद्दलावर. मुदत ५ वर्षे असेल तर मासिक हप्ता सुमारे ४,२५० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ५५,००० रुपये होते. मुदत १० वर्षे केली तर हप्ता सुमारे २,६४३ रुपयांवर उतरतो, पण व्याज १,१७,००० रुपयांच्या वर जाते. लहान हप्ता गोड वाटतो, तो महागही असतो.

आता हेच १० टक्के 'फ्लॅट' म्हणून सांगितले तर? ५ वर्षांचे व्याज सरळ १,००,००० रुपये, म्हणजे खरा दर १७ टक्क्यांच्या वर. आणि खासगी सावकाराचे 'शेकडा ३ रुपये महिना' म्हणजे वर्षाला ३६ टक्के. दोन लाखांवर महिन्याला ६,००० रुपये नुसते व्याज जाते, मुद्दल जागच्या जागी राहते. म्हणून "दर किती?" एवढेच विचारून थांबू नये, "एकूण किती फेडायचे?" हेही विचारावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किरकोळ कर्ज देताना बँकेने सर्व खर्च व वार्षिक दर दाखवणारे मुख्य माहितीपत्रक द्यायचे असते. ते मागून घ्यावे आणि सही करण्याआधी घरी आणून वाचावे.

घर कच्चे असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेची चौकशी ग्रामपंचायतीत व पंचायत समितीत अवश्य करावी. अनुदान मिळत असताना कर्ज काढण्यात शहाणपण नाही.

३) कंत्राटदार कसा निवडावा?

किमान तिघांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. तिघांना काम एकच सांगावे : किती चौरस फूट छप्पर, कोणता पत्रा किंवा कौल, किती ब्रास वाळू, कोणते सिमेंट. नाहीतर दरांची तुलना होत नाही. सर्वांत स्वस्त दर पाहून भुलू नये. त्या माणसाने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले घर पाहावे आणि पाणी गळते का, हे घरातल्या बाईला विचारावे. भांडी तिनेच मांडलेली असतात.

४) करार आणि हप्ते

इंद्रायणीपलीकडे कार्ल्याचे चैत्यगृह आहे. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, तशी दरवाजा घडवणाऱ्या धेनुकाकटच्या एका सुताराचीही नोंद आहे. पैसा कोणाचा आणि काम कोणाचे, हे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहिले गेले. आपण निदान मुद्रांकावर लिहावे.

करारात कामाची यादी, माल कोणाचा, पूर्ण करण्याची तारीख, उशीर झाल्यास भरपाई आणि मजुरांच्या अपघाताची जबाबदारी लिहावी. दोन लाखांच्या कामाचे हप्ते असे पाडता येतील : सुरुवातीला २०,०००, जुने छप्पर उतरवून भिंतीचे माथे दुरुस्त झाल्यावर ५०,०००, नवे छप्पर पूर्ण चढल्यावर ७०,०००, प्लास्टर व फरशी झाल्यावर ४०,०००, आणि शेवटचे २०,००० पहिला पावसाळा न गळता गेल्यावर. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत, रोख दिल्यास पावती घ्यावी. पैसा कामाच्या पुढे गेला की काम मागे राहते. आमचे नेमके हेच चुकले. मावळात छपराचे काम दिवाळीनंतर सुरू करावे आणि मेच्या मध्यापर्यंत संपवावे.

फसगत झालीच तर घरबांधणीची सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. पण तेथेही पहिला प्रश्न एकच असतो : कागद कोठे आहे?

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. तुमच्या आजोबांना कोणी अक्षर शिकू दिले नाही. त्यांचा अंगठा इतरांनी कागदावर उमटवून घेतला. तुम्ही शिकलात. घरात दुरुस्ती निघाली की वही घेऊन बसा, व्याजाचा हिशेब मांडा, करार मोठ्याने वाचून आईवडिलांना समजावा, पावत्या एका फायलीत लावा. आमच्या घराचे छप्पर पुढच्या वर्षी दुसऱ्या मिस्त्रीने, लेखी करारावर, पूर्ण केले. त्याचा शेवटचा हप्ता आम्ही दसऱ्याला दिला. तोवर घरात एकही भांडे मांडावे लागले नव्हते.